मूक विनोदी लघुपट

मूक विनोदी लघुपट : ध्वनिमुद्रित संवाद नसलेले, सहसा एक ते तीन रिळांत संपणारे विनोदी चित्रपट. १८९५ पासून बोलपट रुळेपर्यंत, म्हणजे १९२९ च्या आसपासपर्यंत ते निघत होते. फ्रान्समध्ये त्यांना आकार आला आणि अमेरिकेत, मुख्यतः लॉस एंजलिसच्या परिसरात, ते बहरले. पूर्ण लांबीचे चित्रपट आल्यावर त्यांच्याकडे तोंडीलावण्याचे काम आले. पण अनेक प्रेक्षक तोंडीलावण्यासाठीच पानावर बसत. ‘मूक’ हे विशेषण पडद्यापुरतेच खरे. खाली पियानो किंवा वाद्यवृंद असे, आपल्याकडे पेटी-तबला. आणि प्रेक्षक तर कुठेच मूक नसत.

या प्रकाराचे माप म्हणजे रीळ. एक रीळ साधारण १,००० फुटांचे. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, बसतात. सेकंदाला १६ चौकटींनी फीत सरकवली तर रीळ साडेसोळा मिनिटे चालते, २४ ने सरकवली तर अकरा मिनिटांत संपते. म्हणून जुन्या लघुपटांची लांबी मिनिटांत नव्हे, फुटांत आणि रिळांत सांगतात. दोन रिळांत उपकथानकाला जागा नसते. एक वस्तू घ्यायची किंवा एक जागा घ्यायची आणि तिच्यातून रस निघेल तेवढा पिळून काढायचा, ही या प्रकाराची खरी शिस्त. ज्यांना ती साधली त्यांचे लघुपट शंभर वर्षांनंतरही हसवतात. बाकीच्यांत नुसती पळापळ उरली आहे.

पहिला नमुना लुई ल्युमिएरचा, १८९५ चा. माळी नळीने झाडांना पाणी घालतो आहे. एक पोरगा मागून नळीवर पाय देतो. पाणी का थांबले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. एक मिनिटही पुरे न होणारी ही गंमत, पण माळ्याला ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक असणे हे विनोदाचे सूत्र तिच्यात पक्के बसले आहे. पुढे पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीच्या माक्स लिंदेरने उंच टोपी, मिशी आणि छडी असा नीटनेटका शौकीन गृहस्थ उभा केला आणि त्याची फजिती मालिकेसारखी चालवली. चार्ली चॅप्लिन त्याला गुरू मानत असे.

अमेरिकेत मॅक सेनेटने १९१२ मध्ये कीस्टोन कंपनी काढली. तिची पद्धत तमाशातल्या बतावणीच्या जवळची : कथेचा एक धागा ठरवायचा, नट घेऊन एखाद्या बागेत किंवा रस्त्यावर जायचे आणि बाकीचे जागेवर सुचेल तसे. एकमेकांवर कोसळणारे कीस्टोनचे पोलीस प्रसिद्ध झाले. मात्र आज त्या लघुपटांत अधिक टिकाऊ वाटते ती मेबल नॉरमंड. ती नुसती नायिका नव्हती, दिग्दर्शनही करत होती. या आदळआपटीच्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. हा शब्द इटालियन लोकनाट्यातल्या विदूषकाच्या जोडफळीवरून आला. तिचा फटका लागतो कमी, वाजतो जास्त.

चॅप्लिन १९१४ च्या सुरुवातीला आठवड्याला १५० डॉलरवर कीस्टोनमध्ये आला. ढगळ विजार, आखूड कोट आणि छडी या वेषात प्रेक्षकांनी त्याला पहिल्यांदा पाहिले ते त्याच फेब्रुवारीत, ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ मध्ये. दोन वर्षांत म्युच्युअल कंपनी त्याला आठवड्याला १०,००० डॉलर देऊ लागली. तिच्यासाठी १९१६-१७ मध्ये केलेले बारा लघुपट हा त्याच्या कामाचा सर्वांत मोकळा भाग आहे. त्यांतला ‘द पॉनशॉप’ आधी पाहावा. गहाणवटीच्या दुकानात एक माणूस गजराचे घड्याळ घेऊन येतो. चार्ली घड्याळाला डॉक्टरी नळी लावतो, बोटांनी ठोकून पाहतो, डबा उघडायच्या हत्याराने त्याचे झाकण कापतो, वास घेतो, पक्कड घालून दात उपटल्यासारखे भाग ओढतो, मग आतली स्प्रिंग कापड मोजावे तशी बाहेर काढतो. गल्ल्यावर सांडलेले तुकडे वळवळू लागतात, तेव्हा त्यांवर तेल सोडून त्यांना शांत करतो. शेवटी सगळा चुरा गिऱ्हाइकाच्या टोपीत भरतो आणि नकारार्थी मान हलवतो. वैद्य, दंतवैद्य, कापडवाला असे सारे धंदे एका घड्याळावर उरकतात, आणि एवढा वेळ कॅमेरा जवळजवळ हलत नाही. ‘ईझी स्ट्रीट’ मध्ये हेच रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याचे होते : धिप्पाड गुंड ताकद दाखवायला तो वाकवतो आणि चार्ली त्याचेच डोके त्यात कोंबतो.

बस्टर कीटनचा विनोद माणसाच्या वागण्यापेक्षा यंत्राच्या आणि वास्तूच्या वागण्यावर उभा आहे. ‘वन वीक’ (१९२०) मध्ये नवपरिणित जोडप्याला सुट्या भागांचे, स्वतः जोडायचे घर भेट मिळते. नाकारलेला प्रियकर खोक्यांवरचे आकडे बदलतो. सूचना तंतोतंत पाळल्याने घर वाकडे उभे राहते. वरच्या मजल्यावरचे दार हवेत उघडते. वादळात अख्खे घर गरगर फिरते आणि आतले पाहुणे बाहेर फेकले जातात. हे घर खरोखर बांधून फिरत्या बैठकीवर बसवले होते. मग कळते की ते भलत्याच जागेवर बांधले आहे. हलवताना ते रुळांवर अडकते. समोरून गाडी येते; दोघे डोळे मिटतात; गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. सुटकेचा श्वास पुरा होतो न होतो तोच उलट दिशेची दुसरी गाडी घराच्या चिंधड्या उडवते. कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावतो आणि जोडणीच्या सूचनाही तिथेच ठेवतो. प्रेक्षकाला एकदा चकवून लगेच दुसऱ्यांदा चकवण्याचा इतका नेटका नमुना दुसरा सांगणे कठीण. त्याचा ‘कॉप्स’ (१९२२) पाठलागासाठी, तर एकाच चौकटीत अनेक कीटन दाखवणारा ‘द प्लेहाऊस’ (१९२१) छायाचित्रणाच्या करामतीसाठी पाहावा.

हॅरॉल्ड लॉइड चष्मेवाला, होतकरू तरुण रंगवी. १९१९ मध्ये छायाचित्रासाठी हाती धरलेला नकली समजलेला बॉम्ब फुटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. उंचावरच्या पुढच्या कसरती त्याने त्या हाताने केल्या. चार्ली चेसची कीर्ती कमी, पण ‘माइटी लाइक अ मूज’ (१९२६) विसरू नये : पुढे आलेल्या दातांचा नवरा आणि मोठ्या नाकाची बायको एकमेकांना न सांगता शस्त्रक्रिया करून घेतात आणि ओळख न पटता एकमेकांवरच भाळतात. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी यांनी वेग उलट कमी केला. ‘बिग बिझनेस’ (१९२९) मध्ये ते दारोदार नाताळची झाडे विकतात. एक घरमालक चिडून त्यांची मोटार मोडू लागतो, हे त्याचे घर मोडू लागतात. एक मोडत असताना दुसरा थांबून पाहतो आणि आपली पाळी आली की सुरू करतो. या शिस्तीचेच हसू येते.

मराठी माणसाने या प्रकाराला हात घातला तो फार लवकर. दादासाहेब फाळके यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक चित्रपटाला जोड म्हणून ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपट दिला. देवादिकांच्या कथेला जोडून प्रहसन ही रचना मराठी प्रेक्षकाला रंगभूमीवरून परिचित होती.

हे लघुपट पाहताना प्रतीकडे लक्ष द्यावे. कॅमेरा हाताने फिरवत असल्याने चित्रणाचा वेग एकसारखा नसे. बोलपटांबरोबर २४ चौकटींचा वेग ठरला आणि जुन्या फिती त्याच वेगाने दाखवल्याने माणसे तुरुतुरु चालताना दिसू लागली. अर्थात काही घाई मुद्दाम केलेली आहे : छायाचित्रकार पाठलागाच्या वेळी हात सावकाश फिरवी, म्हणजे पडद्यावर धावपळ वाढे. अमेरिकेत १९२९ पर्यंतच्या चित्रपटांचे हक्क संपलेले असल्याने इंटरनेटवर ते सहज मिळतात, पण पुष्कळ प्रती धूसर, कापलेल्या, कसलेही संगीत चिकटवलेल्या असतात. नीट दुरुस्त केलेली प्रत शोधणे हिताचे, कारण कीटनचा विनोद बहुधा चौकटीच्या दूरच्या कोपऱ्यात घडतो. हरवलेले तुकडे अधूनमधून सापडतातही. लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ (१९२७) चे केकफेकीचे दुसरे रीळ अनेक दशके अपुरेच उपलब्ध होते; ते २०१५ मध्ये एका खासगी संग्रहात मिळाले.