शांतिदूत कसा नेमतात, आणि आपल्या मुलांनी अर्ज नक्की कुठे भरायचा

मागच्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या उचगावकडचे एक काका आमच्या अभ्यासिकेत आले. भिजू नये म्हणून छातीशी धरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. वर पृथ्वीचा गोल, बाजूला कबुतर, खाली सोनेरी शिक्का, मध्ये त्यांच्या मुलाचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय शांतिदूत’. या कार्डासाठी त्यांनी अकरा हजार रुपये मोजले होते. मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, राज्यशास्त्र घेतलेला. “सर, आता पुढचा फॉर्म कुठला भरायचा?” एवढंच त्यांना विचारायचं होतं.

त्या कार्डाला कुठेही किंमत नाही हे सांगताना माझा जीव तुटला. गेली काही वर्षं मी मुलांना स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरायला मदत करतो, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा येतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

दूताच्या पदाला अर्ज नसतो

संयुक्त राष्ट्रांचा विशेष दूत महासचिव नेमतात. त्यासाठी जाहिरात देऊन लोकांकडून अर्ज मागवत नाहीत. एखाद्या प्रदेशात लढाई पेटते, बोलणी तुटतात, तेव्हा महासचिवांचं कार्यालय नावं शोधू लागतं. सदस्य देशही आपल्याकडची नावं सुचवतात. माजी परराष्ट्रमंत्री, मुरलेले राजदूत, शांतिसेनेत काम केलेले सेनाधिकारी अशी ही मंडळी असतात. निवडलेल्या माणसाला मानवी हक्कांच्या उल्लंघनात आपला हात नव्हता असं लेखी द्यावं लागतं, आणि मालमत्तेचा व आर्थिक हितसंबंधांचा तपशीलही भरावा लागतो. मग महासचिव सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांना पत्र लिहितात, की अमुक व्यक्तीला नेमण्याचा माझा विचार आहे. परिषदेनं त्याची नोंद घेतल्याचं उत्तर आलं की नेमणूक जाहीर होते. बड्या देशांपैकी एकानं जरी नाक मुरडलं तरी नाव मागे पडतं.

ज्यांच्यात समेट घडवायचा त्या पक्षांनाही तो माणूस चालावा लागतो. पश्चिम सहाराचे दूत हॉर्स्ट कोहलर यांनी मे २०१९ मध्ये पद सोडलं आणि त्यांच्या जागी स्टाफान द मिस्तुरा यांची नेमणूक ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. मधली दोन वर्षांहून जास्त मुदत दोन्ही बाजूंना पटेल असं नाव शोधण्यात गेली. सुदानमध्ये फोल्कर पेर्थेस यांना जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं ‘अस्वीकार्य व्यक्ती’ ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं.

ही जबाबदारी जिवावरची असू शकते. पॅलेस्टाइनसाठी १९४८ च्या मे महिन्यात नेमलेले मध्यस्थ, स्वीडनचे काउंट फोल्के बर्नाडोट, यांची त्याच वर्षी १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचं काम राल्फ बंच यांनी हातात घेतलं. १९४९ मध्ये युद्धविरामाचे करार त्यांनी तडीस नेले आणि १९५० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. मुलांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण कार्डावरच्या कबुतराशेजारी ही गोष्ट कुणी छापत नाही.

भारत सरकारचे विशेष दूत

परराष्ट्र व्यवहार, परदेशातलं प्रतिनिधित्व आणि संयुक्त राष्ट्रं हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत आहेत, नोंद क्रमांक १०, ११ आणि १२. त्यामुळे बेळगावचे जिल्हाधिकारी, बंगळूरचं विधानसौध किंवा मुंबईचं मंत्रालय, कुणालाही परदेशी दूत नेमण्याचा अधिकार नाही. ‘वरपर्यंत ओळख आहे’ असं सांगणाऱ्या माणसाला हा एक मुद्दा विचारून पाहा.

केंद्र सरकार गरज पडेल तसा विशेष दूत नेमतं. पश्चिम आशियासाठी २००५ मध्ये चिन्मय घारेखान यांना नेमलं होतं. त्याआधी त्यांनी संयुक्त राष्ट्रांतर्फे गाझात वर्षानुवर्षं काम केलेलं होतं. राजदूत नेमताना मात्र आणखी एक पायरी असते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ४ प्रमाणे ज्या देशात पाठवायचं त्याची आधी संमती घ्यावी लागते, आणि तो देश कारण न सांगता नकार देऊ शकतो. संमती मिळाली की राष्ट्रपतींच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन राजदूत तिथल्या राष्ट्रप्रमुखांना भेटतो. दूताला करारावर सही करायची असेल तर तसं पूर्णाधिकार पत्र लागतं. प्रवासाला मरून रंगाचा राजनैतिक पासपोर्ट असतो. संयुक्त राष्ट्रांचा दूत असेल तर त्यांचं स्वतःचं प्रवासपत्र मिळतं, वरिष्ठांना लाल आणि बाकीच्यांना निळं. यातला एकही कागद कुठल्या दुकानात किंवा संस्थेत पैसे भरून मिळत नाही.

आपल्या गावाशी असलेलं नातं

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. कॅम्पातली कवायत बघत इथली पोरं मोठी होतात. याच रेजिमेंटचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांच्याकडे मार्च १९९२ ते मार्च १९९३ या काळात युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व होतं, तेही मोहिमेचे प्रमुख आणि सेनापती अशा दोन्ही नात्यांनी. त्यांचे भाऊ विजय नंबियार परराष्ट्र सेवेत होते आणि पुढे म्यानमारसाठी संयुक्त राष्ट्र महासचिवांचे विशेष सल्लागार झाले. एक भाऊ लष्करातून गेला, दुसरा परीक्षेतून, आणि दोघं शांततेच्याच कामाला लागले. कर्नाटकातलंच आणखी एक नाव म्हणजे कोडगूचे जनरल थिमय्या. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांचा अवघड प्रश्न हाताळणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. पुढे सायप्रसमध्ये शांतिसेनेचे सेनापती असतानाच डिसेंबर १९६५ मध्ये ते गेले.

यापैकी कुणीही ‘शांतिदूत’ पदाचा अर्ज भरला नव्हता. त्यांनी भरला तो सेवेत शिरण्याचा अर्ज. आपल्यालाही तोच भरायचा आहे.

भारतीय परराष्ट्र सेवा: पात्रता

रस्ता संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो. या सेवेसाठी भारतीय नागरिकत्व सक्तीचं आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही पूर्व परीक्षेला बसता येतं. वय परीक्षेच्या वर्षातल्या १ ऑगस्टला २१ पूर्ण आणि ३२ च्या आत हवं. ओबीसींना ३ वर्षं, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं सवलत आहे. खुल्या गटाला ६ प्रयत्न, ओबीसींना ९, अनुसूचित जाती-जमातींना वयोमर्यादेपर्यंत कितीही. फी १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तीही माफ.

आता सीमाभागातल्या मुलांनी अगदी लक्ष देऊन वाचावं असं. तुम्ही कर्नाटकात राहता म्हणून पेपर कन्नडमध्येच लिहावा लागेल असं काही नाही. मुख्य परीक्षा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहिता येते, आणि त्यात मराठी आहे. भारतीय भाषेचा ३०० गुणांचा सक्तीचा पेपर मराठीत देता येतो, वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य घेता येतं, मुलाखतही मराठीत देता येते. पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते, आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीचा पेपर पास व्हावाच लागतो. तेव्हा मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी इंग्रजी वाचनाला आजच बसावं. पूर्व परीक्षेचं केंद्र धारवाडला आहे. केंद्रं आधी येणाऱ्याला आधी मिळतात, त्यामुळे अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत लटकत ठेवू नका.

मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, एकूण २०२५ गुणांवर क्रमांक लागतो. सविस्तर अर्जात सेवांचा पसंतीक्रम भरायचा असतो. परराष्ट्र सेवा हवी असेल तर ती तिथे वर लिहा. निवड झाली की मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत, आणि त्यानंतर एक परकी भाषा शिकावी लागते.

कागदपत्रं: इथेच आपली मुलं अडतात

माझ्या अनुभवात अभ्यासात मागे पडण्यापेक्षा कागदात अडकण्याचं दुःख जास्त मोठं असतं. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच धरतात. आपल्याकडे एसएसएलसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या दाखल्यावर, नाव एका पद्धतीनं, आधारवर कन्नड उच्चारावरून दुसऱ्या पद्धतीनं, पदवीच्या मार्कशीटवर तिसऱ्याच पद्धतीनं. एका मुलीच्या वडिलांचं नाव तीन कागदांवर ज्योतिबा, जोतिबा आणि ज्योतीबा असं निघालं. इंग्रजी स्पेलिंगं तर चार. ती कागद मांडीवर पसरून एकेका अक्षरावर बोट ठेवत बसली होती, आणि अर्जाला दोन दिवस राहिले होते.

म्हणून दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण माना आणि बाकीचं त्याला जुळवून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, त्यामुळे घाईनं काही करू नका. दहावीच्याच दाखल्यात चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे दुरुस्ती मागा. त्याला वेळ लागतो. पहिल्या वर्षाला असतानाच हे काम उरकावं.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या राज्य यादीतल्या ३ब प्रवर्गात येतो. पण राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. नाडकचेरीतून (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयातून) मिळालेला राज्याचा दाखला जोडून ओबीसीच्या रकान्यात खूण केली, आणि जातीचं नाव केंद्राच्या यादीत नसलं, तर पुढे उमेदवारीच धोक्यात येते. कुठलीही जात असो, आधी केंद्राच्या यादीत कर्नाटकापुढे नाव तपासा. नाव असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला मागा. नाव नसेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळतो का ते पाहा. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी हवी, शिवाय घराच्या आणि प्लॉटच्या आकाराचीही मर्यादा आहे. या दाखल्यानं राखीव जागांचा लाभ मिळतो, वयात सवलत मिळत नाही. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचा लागतो. अर्ज करताना रेशन कार्ड, उतारा आणि उत्पन्नाचा पुरावा सोबत न्या, आणि कन्नडमधला मजकूर सही करण्याआधी कुणाकडून तरी शब्दन्‌शब्द वाचून घ्या. पासपोर्टही काढून ठेवावा. साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपयांत होतो.

इतर दोन वाटा

सैन्यातून शांतिसेनेत जायचं तर संयुक्त राष्ट्रांकडे थेट अर्ज चालत नाही. देशाचं सैन्य आणि पोलीसच माणसं पाठवतात. पोलिसांना त्यासाठी किमान ५ वर्षांची सेवा लागते आणि वेगळी चाचणी द्यावी लागते. मुलींनी हेही लक्षात ठेवावं की २००७ मध्ये लायबेरियात गेलेली जगातली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी भारताचीच होती.

दुसरी वाट संयुक्त राष्ट्र स्वयंसेवकांची. १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे, नोंदणी ऑनलाइन होते. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही मागत नाहीत. पैसे मागितले की तिथेच थांबा.

आणि आपला सीमाप्रश्न?

हे विचारल्याशिवाय इथे कुणी उठत नाही. देशाच्या आतल्या वादाला परराष्ट्र दूत नसतो. बेळगावसह सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा घटनेच्या कलम १३१ खाली २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बसगाड्यांवर दगड पडले, तेव्हा केंद्रीय गृहमंत्र्यांनी १४ डिसेंबरला दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावलं आणि प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती करायचं ठरलं. देशांतर्गत संवादक नेमण्याची पद्धतही आहे. जम्मू-काश्मीरसाठी ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्रानं तिघांना नेमलं होतं, त्यांत पुण्याचे पत्रकार दिलीप पाडगावकर होते. सगळ्या थरांतल्या लोकांना भेटून त्यांनी अहवाल दिला. तसं नाव इथल्यासाठीही केंद्र सरकारच ठरवू शकतं, त्यालाही अर्ज नाही.

आमच्या गल्लीत पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की एक मावशी मधे पडतात. एकीशी कन्नडमध्ये बोलतात, दुसरीशी मराठीत, आणि एकीचं दुसरीला सांगताना तिखट शब्द तेवढे गाळतात. दूताचं काम शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. दोन भाषांत वाढलेल्या मुलांना हे घरातच मिळतं, म्हणून त्यांनी या परीक्षेला बसावं असं मला मनापासून वाटतं.

त्या काकांचे पैसे परत आलेले नाहीत. पोलिसात तक्रार द्यायला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. मुलाचं आधार मात्र दहावीच्या दाखल्याशी जुळलंय, आणि रोज संध्याकाळी तो अभ्यासिकेत येऊन इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख मराठीत लिहून मला दाखवतो. काल त्यानं ‘मध्यस्थ’ लिहावं की ‘संवादक’ यावर माझ्याशी वाद घातला.