वेफर्सचा बटाटा : जाती आणि पैदास

वेफर्ससाठी मुद्दाम तयार केलेल्या जातींचा हा बटाटा. आकार गोल, डोळे उथळ, पाण्याव्यतिरिक्तचा घट्ट भाग 20 टक्क्यांच्या वर (म्हणजे तेल कमी पितो) आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज ताज्या वजनाच्या साधारण 0.1 टक्क्याच्या आत. यातली साखरेची अट सगळ्यात अवघड.

सोलापुरात ही अट उन्हाळ्यात गच्चीवर कळते. वाळवणं सुरू झाली की घरोघरी बटाट्याचे वेफर्स, कीस घातले जातात, आषाढीच्या उपवासाला डबे भरलेले पाहिजेत ना. मग एखाद्या वर्षी वेफर तेलात टाकला की लाल-काळा पडतो, कडवट लागतो, आणि आपण तुरटीला नाहीतर तेलाला दोष देतो. खरं कारण बहुतेक वेळा बटाट्यातच असतं. कोल्ड स्टोरेजमध्ये 2 ते 4 अंशाला बटाटा राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, आधी सुक्रोज, मग इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम ते फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं, आणि तळताना ही साखर अस्पॅराजिनसारख्या अमिनो आम्लांशी (प्रथिनांच्या घटकांशी) मिळून तो लाल रंग आणते. त्यातच अ‍ॅक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं रसायनही बनतं, तळलेल्या बटाट्यात ते असतं हे 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. धुऊन-उकडून थोडी साखर निघते, सगळी नाही.

कुठली जात थंडीत किती गोड होणार हे बरंचसं जीन्सवर ठरतं. 2010 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी इन्व्हर्टेजचा जीन दाबून बघितला तर 4 अंशाला ठेवलेल्या बटाट्याचे चिप्सही फिकट निघाले. पण साध्या संकरातून हे साधणं फार किचकट, कारण बटाट्यात प्रत्येक क्रोमोसोमच्या चार प्रती असतात, एकूण 48, त्यामुळे एकाच फळातल्या प्रत्येक बीचं रोप वेगळं निघतं. हजारो रोपं लावायची, वर्षानुवर्षं गाळत जायचं, तळून रंग बघायचा, आणि एक चांगलं सापडलं की पुढे कंदावरूनच वाढवायचं. दहा वर्षं सहज जातात.

भारतात हे काम शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने केलं. जवळच्या कुफरीला उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने बटाट्याला फुलं चांगली येतात, संकर तिथे होतात, म्हणून जातींच्या नावात कुफरी. कुफरी चिप्सोना-1 आणि 2 या वेफर्ससारख्या प्रक्रियेसाठी काढलेल्या आपल्या पहिल्या जाती, 1998 च्या. नंतर चिप्सोना-3, हिमसोना वगैरे आल्या.

नुसता रंग बघून निवड केली तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेची लेनापे. 1967 ला आली, चिप्स अप्रतिम, पण विषारी ग्लायकोअल्कलॉइड जास्त निघाल्याने 1970 ला मागे घेतली. तिच्याच वंशातली अटलांटिक मात्र चिप्ससाठी जगभर चालली.

सोलापूरच्या गरम रात्रींत कंद नीट धरत नाही, म्हणून इथे बटाटा बहुतेक बाहेरूनच येतो. वेफर्सना फेब्रुवारी-मार्चचा नवा, शेतातून थेट आलेला माल बघून घ्यावा. कोल्ड स्टोरेजचाच मिळाला तर दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी पसरून ठेवला की साखर थोडी उतरते, जातीप्रमाणे कमी-जास्त. उजेडात ठेवू नका, हिरवा पडतो.