दोघांचं जेवण, माप मात्र एकच?

पस्तिशीतलं एक जोडपं घेऊ. तो ७५ किलो वजनाचा, उंची १७५ सेंटिमीटर. ती ५८ किलोची, उंची १५८ सेंटिमीटर. विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला किती ऊर्जा लागते हे काढायला १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. मग पुरुषासाठी ५ मिळवायचे, स्त्रीसाठी १६१ वजा करायचे. बैठं काम धरून उत्तराला १.४ ने गुणलं की त्याची दिवसाची गरज येते सुमारे २,३४५ कॅलरी, तिची १,७२५. फरक सव्वासहाशेच्या आसपास.

एकत्र राहायला लागल्यावर हा फरक ताटातून नाहीसा होतो. दोघं एकाच वेळी बसतात, एकाच डावाने सारखंच वाढून घेतात आणि एकाने पुन्हा घेतलं की दुसराही घेतो. वाढलेल्या वजनाला मग आळस किंवा वय जबाबदार धरलं जातं. खरं तर आधी वाढप तपासावं. वरच्या उदाहरणात तिचं जेवण त्याच्या पाऊणपट हवं. पण ही कपात सरसकट सगळ्या पदार्थांत करू नये. पाळी येणाऱ्या स्त्रीला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं, त्यामुळे भाज्या, कडधान्यं आणि इतर प्रथिनं तशीच ठेवून धान्य, तेल-तूप आणि गोड कमी करावं. ती अंगमेहनतीचं काम करत असेल, गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल, तर हे गणित साफ बदलतं. आणि ती त्याच्याहून बरीच उंच, वजनदार असेल तर कमी वाढप त्याच्या वाट्याला येईल!

भांडं जेवणाच्या टेबलावर ठेवण्याऐवजी ओट्यावरच ठेवावं. आहार-संशोधक बार्बरा रोल्स यांच्या २००२ च्या प्रयोगात ५०० ग्रॅमऐवजी १,००० ग्रॅम वाढल्यावर लोकांनी सुमारे ३० टक्के जास्त खाल्लं. समोर आहे म्हणून खाल्लं जातं, भूक असो वा नसो. समोरच्याच्या घासांचा वेगही आपण नकळत उचलतो. २०१२ मध्ये तरुण स्त्रियांच्या जोड्यांवर झालेल्या अभ्यासात एकीने घास घेतल्यावर पुढच्या पाच सेकंदांत दुसरीने घास घेण्याची शक्यता वाढलेली दिसली. म्हणून दोघांपैकी सावकाश जेवणाऱ्याने वेग वाढवू नये, भरभर जेवणाऱ्याने आपला कमी करावा.

जोडीदाराचं वजन वाढलं की आपलंही वाढण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांच्या आरोग्याच्या नोंदींवरून २००७ मध्ये, जोडीदार लठ्ठ झाला तर दुसराही लठ्ठ होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त असल्याचं मांडलं गेलं. मुळात सारख्या सवयींची माणसं एकमेकांना निवडतात, त्यामुळे सगळं खापर सहवासावर फोडता येत नाही. मला जास्त मोलाचा वाटतो तो कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास. १३० जोडप्यांत एकाच व्यक्तीवर वजन कमी करण्याचा कार्यक्रम राबवला. सहा महिन्यांनी, ज्यांच्यासाठी काहीच केलं नव्हतं अशा जोडीदारांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांचंही वजन ३ टक्के किंवा अधिक उतरलं होतं.

घरात काय आणलं जातं, काय शिजतं, कपाटात हाताशी काय असतं, हे बदललं की ते दोघांसाठीही बदलतं. उलट, जोडीदाराच्या ताटावर नजर ठेवणं आणि प्रत्येक घासाला टोकणं सहसा अंगाशी येतं. खाणं थांबत नाही, लपून सुरू होतं. एकासाठी वेगळा 'डाएटचा' स्वयंपाकही फार दिवस टिकत नाही, कारण काम दुप्पट होतं आणि मोह समोरच राहतो.

चव जुळत नसेल तर? कडू भाज्या एकाला असह्य आणि दुसऱ्याला चविष्ट लागतात, यात टीएएस२आर३८ या जनुकाचा वाटा असतो. तिथे हट्ट नको, दुसरी भाजी करावी. मिठाचं मात्र जमवता येतं. मीठ चमच्याने मोजून घालावं आणि दर दोन आठवड्यांनी साधारण एक दशांश कमी करावं. कमी मिठाची आवड लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर ज्याला अळणी लागेल त्याने वरून घ्यावं. यात तोटा होईल अशी भीती नको. १९८७ च्या एका छोट्या प्रयोगात जेवणातलं मीठ कमी करून मिठाची डबी मोकळी ठेवली होती. कमी झालेल्या मिठाचा एक पंचमांश भागही लोकांनी वरून भरून काढला नाही.