समुपदेशिका नसतानाही बरे झालेले बेचाळीस

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली बातमी येते: तालुक्याला शिबिर झालं, इतक्या रुग्णांनी लाभ घेतला. त्या ‘लाभ घेतला’पाशी मी दरवर्षी अडतो. किती माणसं आली ते कळलं, पण बरी किती झाली? आणि झाली असतील, तर शिबिरामुळे झाली का?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशातल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. रत्नागिरीचं मनोरुग्णालय तर एकोणिसाव्या शतकातलं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे कोकणाचे आकडे त्यात शोधूनही सापडणार नाहीत. पण आपल्याच किनाऱ्यावर, बांद्याच्या पलीकडे गोव्यात, माणसं बरी झाली ती उपचारामुळेच का, या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर शोधलं गेलं आहे.

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगात’ या संस्थेने, मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, चोवीस दवाखाने निवडले. बारा सरकारी, बारा खासगी. निम्म्यांत गावातल्याच पदवीधर मुलींना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशिका म्हणून बसवलं. उरलेल्या निम्म्यांत नैराश्य-चिंता ओळखायच्या प्रश्नावलीचा निकाल तेवढा डॉक्टरांना कळवला, बाकी उपचार नेहमीचेच. कोणता दवाखाना कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. २०१० साली निकाल छापून आला. सरकारी केंद्रांत समुपदेशिका असलेल्या ठिकाणी नैराश्य-चिंतेचे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले होते. नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के.

लोक ६५.९ पाहून खूश होतात. मला वेड लावतो तो ४२.५. दुसरा गट नसता तर छाती पुढे काढून सांगितलं असतं, ‘आमच्या योजनेने शंभरातले सहासष्ट बरे केले.’ योजनेची खरी कमाई तेवीस. चार जणांमागे जेमतेम एक. तरीही ती मोठीच आहे, कारण ती एका गावातल्या मुलीच्या दोन महिन्यांच्या शिक्षणातून आली.

मग हे बेचाळीस कसे सावरले? थोडं नेहमीच्या औषधपाण्याने, थोडं भरती-सुकतीमुळे. नैराश्य एका पातळीवर स्थिर राहत नाही, ते चढतं-उतरतं. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती अगदी सुकतीच्या वेळी, जेव्हा झोप उडालेली असते आणि घरच्यांना राहवत नाही. तळाला असताना मोजलं की पुढच्या मोजणीला पाणी बहुधा वर आलेलंच दिसतं. त्या वेळी किनाऱ्यावर जो उभा असेल, श्रेय त्याचं.

भगताचंही असंच होतं. देवस्की केली, कोंबडा दिला, महिन्याभरात बाई हसू-बोलू लागली, की गावाची खात्री पटते. तिच्यासारख्या, पण भगताकडे न गेलेल्या बायकांचं काय झालं, हे कुणी मोजलेलंच नसतं. भास होणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या रुग्णाचे यात महिनोन्महिने जातात, आणि उपचाराला उशीर झाला की आजार जास्त हट्टी होतो. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं-मारणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मन शांत करणाऱ्या मोबाईल ॲपच्या जाहिरातींनाही माझा हाच प्रश्न आहे: न वापरणारे किती सावरले? ज्याला आज मदत हवी आहे त्याने मात्र या हिशेबासाठी थांबू नये. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे फोनवर मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा, क्रमांक मोफत आहे.

आता थोडं अवघड. चिठ्ठी रुग्णाच्या नावाने का टाकली नाही, दवाखान्याच्या नावाने का? एकाच बाकावर बसलेल्या दोघींतल्या एकीशी समुपदेशिका बोलली की दुसरीलाही ते कळतं आणि गट मिसळतात. पण दवाखाना हा एकक धरला की दुसरी अडचण उभी राहते. एका रापणीत आलेले हजार बांगडे मोजून समुद्रातल्या माशांचा अंदाज येत नाही, कारण ते सगळे एकाच थव्यातले. तसेच एका केंद्राचे रुग्ण एकमेकांसारखे: तोच डॉक्टर, तोच रस्ता, तीच गरिबी. या सारखेपणाला ‘रो’ म्हणू. केंद्रामागे ‘म’ रुग्ण असतील, तर एकूण संख्येला १ + (म − १) × रो ने भागायचं. गोव्यात २,७९६ रुग्ण होते, केंद्रामागे सरासरी ११६. रो नुसता ०.०२ धरला तरी भाजक ३.३ येतो आणि २,७९६ माणसांचं वजन साडेआठशेच्या आसपास उरतं! म्हणून एकाच केंद्रात रुग्ण वाढवण्यापेक्षा केंद्रं वाढवलेली बरी.

खासगी दवाखान्यांत फरक दिसलाच नाही. तिथला ओळखीचा डॉक्टर आधीच चार शब्द बोलत असावा, असं मला वाटतं. सरकारी ओपीडीच्या रांगेत तेवढा वेळ कुणाला मिळतो?

आपल्याकडे ऋतूचाही घोळ आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, घरात पैसा नाही, छप्पर गळतंय. तेव्हा पहिली मोजणी केली आणि दुसरी चाकरमानी आल्यावर गणपतीत, तर कुठलीही योजना यशस्वी ठरेल.

यावर उपाय महाग नाही. समुपदेशक सगळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना एकदम मिळत नाहीतच, टप्प्याटप्प्याने मिळतात. मग पहिला टप्पा कुणाला, हे शिफारशीने ठरवण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून ठरवावं. थांबलेली केंद्रं आपोआप तुलनेचा गट होतील, आणि दोन्हीकडे एकाच महिन्यात मोजता येईल. नोंदवहीत मात्र एक रकाना वाढवायला हवा. नवीन किती आणि जुने किती आले हे लिहिलं जातं, दुसऱ्या वेळी कोण आलं नाही ते कुणी लिहीत नाही. ती बाई बरी झाली म्हणून आली नाही, की एसटीला पैसे नव्हते म्हणून? तिच्या वाडीवर आशाताईंची फेरी असतेच. त्यांच्या हातात ते नाव द्यायला हवं.