पुण्याचा ‘रिंग रोड’ म्हणजे नेमका कोणता?

हवेली, मुळशी किंवा मावळात ‘आमची जमीन रिंग रोडमध्ये गेली’ असं कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या? पुण्यात या एकाच नावाचे निदान तीन रस्ते आखले गेले आहेत.

सगळ्यात जुना १९८७च्या विकास आराखड्यातला, शहराच्या आतून फिरणारा, सुमारे ३६ किलोमीटरचा. कागदावर तो एचसीएमटीआर (हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट), म्हणजे मुळात सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग. आरक्षण २४ मीटर रुंदीचं. तीसेक वर्षांनी तो उन्नत मार्ग म्हणून पुन्हा पुढे आला, तेव्हा सहापैकी चार मार्गिका खासगी वाहनांना आणि दोनच बसना ठेवल्या होत्या. नागरिकांनी यालाच हरकत घेतली आणि ती रास्तच होती. पुढे निविदा अंदाजापेक्षा फार चढ्या आल्या आणि प्रस्ताव बारगळला.

शहराबाहेरून वर्तुळ काढायची कल्पना १९९७च्या प्रादेशिक आराखड्यातली. ते होईपर्यंत जड वाहनांचा भार कात्रज-देहूरोड बाह्यवळणाने उचलला. पण शहराने तेही पोटात घेतलं. आज नवले पुलापाशी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावर येणारे भरलेले ट्रक आणि नऱ्ह्या-आंबेगावच्या दुचाक्या एकाच रस्त्यावर असतात.

आता बाहेरचं वर्तुळ एक नाही, दोन आहेत. राज्य रस्ते विकास महामंडळाचं मोठं: द्रुतगती मार्गावरच्या उर्सेपासून सातारा रस्त्यावरच्या वरवे बुद्रुकपर्यंत, पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत, ११० मीटर रुंदीचं. त्याच्या आतलं दुसरं, २०१५मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं. त्याची रुंदीही आधी ११० मीटर होती, ती ६५वर आणली.

या कपातीकडे निव्वळ खर्चाची बाब म्हणून पाहता येत नाही. ११० मीटरच्या रस्त्याला दर किलोमीटरमागे ११ हेक्टर जमीन लागते, ६५ मीटरच्या रस्त्याला साडेसहा. म्हणजे किलोमीटरमागे साडेचार हेक्टर, सुमारे अकरा एकर, आखणीबाहेर राहते. दोन-तीन एकरांच्या खातेदाराचं अख्खं शेत त्यात वाचू शकतं.

नावाचा घोळ इथेच महागात पडतो. मोठ्या वर्तुळासाठी थेट भूसंपादन: मोजणी, दरनिश्चिती, मोबदला, आणि मुदतीत संमती दिली तर २५ टक्के जादा. आतल्या वर्तुळासाठी बऱ्याच ठिकाणी नगररचना योजनेचा पर्याय पुढे केला गेला. त्यात रोख रकमेऐवजी विकसित भूखंड परत मिळतो. म्हणून गावात नकाशा आला, की गट नंबर शोधण्याआधी तो नकाशा कोणत्या रिंग रोडचा आहे ते बघावं लागतं.