मूलभूत डेटा प्रकार आणि ऑब्जेक्ट

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधील माहिती साठवण्याच्या दोन पद्धती. मूलभूत प्रकाराच्या व्हेरिएबलमध्ये (मूल्य ठेवायच्या, नाव दिलेल्या जागेत) मूल्यच असते. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया यांचा एकत्र घटक. त्याच्या व्हेरिएबलमध्ये मात्र मेमरीत दुसरीकडे असलेल्या ऑब्जेक्टचा फक्त संदर्भ असतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेत बाइट, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट, डबल, कॅर आणि बुलियन हे 8 मूलभूत प्रकार आहेत. त्यांना मेथड (स्वतःच्या क्रिया) नसतात आणि संख्यांच्या प्रकारांचा आकार ठरलेला असतो.

ही मर्यादा केव्हा आडवी येते, ते पैठणच्या जायकवाडी धरणाच्या आकड्यावरून दिसते. धरणाची एकूण साठवण क्षमता 2,909 दशलक्ष घनमीटर आहे. 32 बिटांच्या इंट या पूर्णांकांच्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647. म्हणजे घनमीटरमध्ये मोजलेला भरलेला नाथसागर (या धरणाचा जलाशय) इंटमध्ये मावत नाही. 2909 ला 1000000 ने इंटमध्येच गुणले, तर प्रोग्राम थांबत नाही; उत्तर म्हणून उणे 1,38,59,67,296 देतो. इथे 64 बिटांचा लाँगच हवा.

पावसाच्या नोंदीतला प्रश्न अधिक गंभीर आहे. क्लासमधल्या (ऑब्जेक्टच्या साच्यातल्या) इंट फील्डला मूल्य दिले नाही, तर त्यात आपोआप 0 येतो. बीड किंवा धाराशिवच्या एखाद्या महसूल मंडळात पाऊस पडलाच नाही, आणि पर्जन्यमापकाची नोंदच घेतली नाही, या दोन्ही गोष्टी मग सारख्याच दिसतात. दुष्काळी भागाच्या नोंदींत हा घोळ परवडणारा नाही. इंटिजर हा इंटचा ऑब्जेक्ट-अवतार नल (कोणत्याच ऑब्जेक्टचा संदर्भ नसलेला) असू शकतो, म्हणून ‘नोंद नाही’ असे स्पष्ट सांगता येते. त्यासाठी मेमरी जास्त लागते, पण इथे ती खर्च करावीच. नल असलेला इंटिजर हिशेबात घेतला की नल पॉइंटर एक्सेप्शन ही त्रुटी येते. चुकीच्या शून्यापेक्षा ती कितीतरी बरी.

तुलना करताना विशेष काळजी हवी. राज्यात मंडळातील 24 तासांच्या पावसाने 65 मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी धरतात. इंटवरून आपोआप इंटिजर झालेले दोन 65 ‘==’ ने तपासले तर समान ठरतात, दोन 130 मात्र सहसा ठरत नाहीत. कारण जावा उणे 128 ते 127 पर्यंतचे इंटिजर साठवून पुन्हा वापरते आणि ‘==’ मूल्ये नव्हे, संदर्भ ताडून पाहते. मूल्यांसाठी इक्वल्स मेथड वापरावी.

स्मॉलटॉक, रुबी आणि पायथन या भाषांत संख्यासुद्धा ऑब्जेक्टच असतात.