बीव्हरचे मांस : उपवासाचे ताट, कातडीचा व्यापार आणि शिकारीचे हक्क

बीव्हर म्हणजे युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांत राहणारा, चपट्या शेपटीचा कुरतडणारा प्राणी. त्याच्या मांसाचा विषय निघाला की बोलणे एका गमतीदार विधानाशी येऊन थांबते : कॅथलिक चर्चने म्हणे या प्राण्याला मासा ठरवले होते, कारण कॅथलिक उपवासाला मांस वर्ज्य असते, पण मासे चालतात. विधान अगदीच निराधार नाही, पण ते ज्या थाटात सांगितले जाते, त्यातून सतराव्या शतकातील धर्मपंडितांना केसाळ, चार पायांचा, पिलांना दूध पाजणारा प्राणी ओळखता येत नव्हता असा समज होतो. साबुदाणा आणि बटाटा हे दोन्ही बाहेरून आलेले पदार्थ उपवासाला चालतात आणि गहू चालत नाही, हे ज्या मराठी घरांनी बिनतक्रार स्वीकारले आहे, त्यांना अशा निर्णयांमागचा विचार समजायला फारशी अडचण पडू नये.

युरोपात हा प्रश्न कॅनडाच्या बऱ्याच आधी उपस्थित झाला होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस वेल्समधील एका धर्मगुरूने लिहून ठेवले आहे की जर्मनी आणि त्याच्या उत्तरेकडील प्रदेशांत थोर आणि धार्मिक माणसेसुद्धा उपवासाच्या दिवसांत बीव्हरची शेपटी खातात, कारण तिची चव आणि रंग माशासारखा असतो. येथे सवलत शेपटीपुरती आहे. शेपटी खवल्यांची, चपटी आणि सदैव पाण्यात असणारी, म्हणून ती चालेल, आणि उरलेले धड मांसच मानले जाईल, अशी ही विभागणी होती. पुढच्या शतकातील धर्मशास्त्राने उपवासाचा नियम मांडला तोही प्राण्याच्या जातीवर बेतलेला नव्हता. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांचे मांस जिभेला अधिक सुख देते आणि वासना चाळवते, म्हणून ते वर्ज्य, असा तो युक्तिवाद होता. प्राणी कुठे राहतो आणि त्याचे मांस शरीरावर काय परिणाम करते, हे दोन प्रश्न त्यात महत्त्वाचे होते. आजचे प्राणिशास्त्र ज्या कसोटीवर सस्तन प्राणी वेगळे काढते, ती कसोटी तेव्हा कोणी लावतच नव्हते.

आजच्या कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या काठी फ्रेंच वसाहत रुजली तेव्हा हा जुना प्रश्न नव्या निकडीने पुढे आला. वसाहतीचा सगळा आर्थिक डोलारा बीव्हरच्या कातडीवर उभा होता, कारण तिच्या आतल्या मऊ लवीपासून टोप्यांसाठी उत्तम नमदा (लव दाबून केलेले जाड कापड) तयार होई. कातडी सर्वांत दाट असते ती हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी, म्हणजे नेमक्या ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या आसपास. शरद ऋतूत खारवून ठेवलेली ईल मासळी वसाहतीत भरपूर असली, तरी जंगलात राहणाऱ्या शिकाऱ्याच्या हाताशी ताजे अन्न म्हणजे त्याने नुकताच सोललेला बीव्हर असे. क्वेबेकच्या धर्मप्रमुखांनी हा प्रश्न पॅरिसला विचारला आणि तेथून अनुकूल उत्तर आले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते.

या प्रकरणातला सर्वांत रंजक तपशील मात्र सहसा गाळला जातो. 1744 मध्ये छापलेल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील एका इतिहासकाराच्या प्रवासवर्णनात नोंद आहे की पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने बीव्हरला शेपटीच्या आधारे रीतसर मासा ठरवले आणि त्या निवाड्यावर विसंबून धर्मशास्त्राच्या शाखेने त्याचे मांस उपवासाच्या दिवशी खाण्यास परवानगी दिली. म्हणजे आधी वैद्यांचे मत घेतले गेले आणि मग धर्मपंडितांचे. त्या काळातील एका नामवंत रसायनतज्ज्ञाने ही सवलत फक्त मागच्या भागापुरती असल्याचे म्हटले होते. इतिहासकार त्याला खोडून काढतो आणि बजावतो की अख्खा बीव्हर बांगडा माशाच्या वर्गात बसवला गेला आहे. पाचशे वर्षांपूर्वीची शेपटीपुरती सवलत अशा रीतीने संपूर्ण प्राण्याला लागू झाली, आणि या विस्ताराचा लाभ कोणाला झाला हे पाहिले की निर्णय निव्वळ शास्त्रार्थातून निघाला असे मानणे कठीण जाते. वर्षातले कित्येक दिवस मांस वर्ज्य असताना, ज्या प्राण्याची कातडी रोज उतरवली जात होती त्याचे मांस टाकून देणे वसाहतीला परवडणारे नव्हते.

पाण्यात वावरणाऱ्या इतर प्राण्यांबाबतही असेच रिवाज पडले. व्हेनेझुएलात कॅपिबारा आणि अमेरिकेतील डेट्रॉइट नदीच्या परिसरात मस्करॅट हे पाणथळीतले कुरतडणारे प्राणी उपवासकाळात खाल्ले जातात. मिशिगनमधील एका बिशपने 1987 मध्ये स्पष्ट केले की मस्करॅट सस्तनच आहे, पण रिवाज अनादी असल्याने तो मोडण्याचे कारण नाही. मस्करॅट खाऊ शकणाऱ्याने थोर संतांना शोभेल असे प्रायश्चित्त केले, असा शेराही त्यांनी जोडला.

बीव्हरच्या मांसाला असा शेरा लागू होत नाही, अट इतकीच की ते नीट साफ केलेले असावे. शेपटीच्या मुळाशी कॅस्टोरियम या उग्र वासाच्या स्रावाच्या दोन पिशव्या आणि तेलग्रंथींची जोडी असते. यांतली एक जरी सोलताना फुटली तर उग्र दर्प मांसात शिरतो आणि पुढे कितीही मसाला घातला तरी तो जात नाही. वरची चरबी काढून टाकायची, तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे, मग कांदा घालून एक उकळी द्यायची आणि ते पाणी ओतून दिल्यावर मंद आचेवर शिजवायचे, ही उत्तर अमेरिकेतील रूढ पद्धत आहे. मांस गडद लाल आणि तंतुमय असते. शेपटीची तऱ्हा वेगळी : ती विस्तवावर धरली की खवल्यांची कातडी फुगून सुटते आणि आत पांढरी, चिकट चरबी दिसते, जी वाटाण्याच्या किंवा घेवड्याच्या दाण्यांच्या रश्शात शिजवतात. रॉकी पर्वतातील कातडीचे शिकारी याच शेपटीवर जीव टाकत. बीव्हरला ट्युलरेमिया या माणसालाही होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची लागण होऊ शकते, म्हणून सोलताना हातमोजे घालणे आणि मांस पूर्ण शिजवणे आवश्यक मानले जाते.

ज्यांनी हे मांस सर्वाधिक खाल्ले त्या इनू आणि क्री या कॅनडातील मूळ रहिवासी लोकांना पॅरिसच्या निवाड्याशी काही देणेघेणे नव्हते. त्यांचे नियम वेगळे होते आणि, माझ्या मते, अधिक कडकही. बीव्हरची ठरावीक हाडे कुत्र्यांपुढे टाकायची नाहीत, नाहीतर पुढची शिकार हाती लागणार नाही, ही समजूत 1634 च्या सुमारास एका मिशनऱ्याने इनूंमध्ये राहून नोंदवली, अर्थात अंधश्रद्धा म्हणून. उत्तरेकडील जेम्स उपसागराच्या काठचे क्री आजही तंबूतल्या विस्तवाशेजारी अख्खा बीव्हर दोरीने टांगून तो पीळ देत तासन्‌तास फिरता ठेवतात. खाली भांडे असते आणि त्यात गळणारी चरबी वाया जात नाही.

1920 च्या दशकात कातडीचे भाव चढले, बाहेरचे शिकारी उत्तरेत घुसले आणि त्या भागातून बीव्हर जवळपास नाहीसा झाला. क्री कुटुंबांवर उपासमारीची पाळी आली. 1932 पासून रूपर्ट हाउस येथे, म्हणजे आजच्या वास्कागानिशला, राखीव क्षेत्र आखून शिकार काही वर्षे बंद ठेवण्यात आली आणि स्थानिक जाणत्यांकडून बीव्हरची घरे मोजून घेतली जाऊ लागली. याचे श्रेय बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना दिले जाते. प्रत्यक्षात कोणत्या ओढ्यावर किती घरे आहेत हे क्री शिकाऱ्यांनाच ठाऊक होते, आणि त्यांच्या माहितीवाचून ती योजना एक हिवाळाही टिकली नसती. सरकारी कोटा कातडीच्या नगांवर ठरत असला, तरी क्री घरांत मूस हे मोठे हरीण, रानहंस आणि मासे यांच्या जोडीने बीव्हर हे मुख्य अन्न होते.

1975 हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. मार्चमध्ये कॅनडाच्या संसदेने बीव्हरला देशाचे अधिकृत प्रतीक केले, आणि नोव्हेंबरमध्ये जेम्स उपसागराच्या जलविद्युत प्रकल्पावरून झालेल्या करारात क्रींच्या शिकारीच्या हक्कांना लेखी मान्यता मिळाली. त्यानंतर युरोपात फरविरोधी मोहिमा वाढल्या आणि 1980 च्या दशकाअखेरीस कातडीचा बाजार कोसळला. अशा शिकारीत आता अनेकदा मांस हाच मुख्य लाभ उरतो. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत रानटी शिकारीचे मांस विकण्यावर कडक निर्बंध असल्याने ते मुख्यतः घरात, नात्यात आणि सामुदायिक जेवणांतच वाटले जाते. कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, ‘बीव्हरटेल’ (बीव्हरची शेपटी) नावाने मिळते ती तळलेली गोड पोळी, तिच्यात मांसाचा अंशही नसतो.

युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे 1,200 बीव्हर उरले होते. पुनर्वसनानंतर आज त्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे, आणि शेतात पाणी भरल्याच्या तक्रारीही त्याच प्रमाणात वाढल्या आहेत. स्वीडन आणि बाल्टिक देशांत त्यांची नियंत्रित शिकार होते आणि मांस खाल्लेही जाते. पोलंडमध्ये 2020 च्या सुमारास एका मंत्र्याने बीव्हरला खाद्य प्राण्यांच्या यादीत घालण्याची कल्पना मांडली आणि शेपटी कामोत्तेजक असल्याचे सांगितले. उपवासात तिला परवानगी देणाऱ्या जुन्या युक्तिवादाशी हे थेट विसंगत आहे, पण टीकाकारांनी मंत्र्याला घेरले ते संरक्षित प्रजातीच्या मुद्द्यावर.